बंद दाराचं देणं



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. वर्गात शिकलेलं घरच्या वागण्यात दिसलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून मी आजचा विषय घरातलाच निवडला आहे. मी जनावरांची डॉक्टर आहे. मांजर पाळणारी माणसं माझ्याकडे लशीसाठी येतात, खाण्यापिण्याचं विचारतात, आणि बरेचदा निघताना विचारतात, “डॉक्टर, हिला बाहेर सोडलं तर चालेल का?” बोका पहाटे दाराशी बसून ओरडतो, भाटी तासन्‌तास खिडकीच्या गजांपाशी बसून राहते. आपण एका जिवाला कोंडून ठेवलंय, ही टोचणी घरातल्यांना लागलेली असते. सोडावं, तर ती धडपणे परत येईल की नाही याची धास्ती असते. दोन्ही भावना खऱ्या आहेत आणि दोन्हींचा मान राखून उत्तर दिलं पाहिजे.

माझं मत आधीच सांगते. आपल्या शहरांत, फ्लॅटमध्ये वाढलेल्या मांजराला मोकळं सोडू नये. मात्र जो दार लावतो त्याच्यावर एक देणं बसतं. बाहेर त्या मांजराला जे काही मिळालं असतं, त्यातलं चांगलं तेवढं त्याला घरात मिळवून देणं, तेही रोज. हे देणं फेडायची तयारी नसेल, तर दार लावण्याचाही आपल्याला अधिकार नाही आणि मांजर पाळण्याचाही नाही.

हा प्रश्न आपल्या आज्यापणज्यांना पडला नव्हता. वाड्यातलं मांजर पडवीत, माळ्यावर, कणगीच्या आसपास असायचं. त्याला दूधभात मिळायचा, पण त्याचं खरं पोट भरायचं ते उंदरांवर. दाराची उघडझाप त्याच्यासाठी कुणी करत नसे. माणसाचं आणि मांजराचं नातं मुळात असंच जुळलं. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस इथं सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मांजर मूळचं नव्हतं, म्हणजे कुणीतरी ते होडीतून सोबत नेलं होतं. पुढं २००७ साली जनुकीय अभ्यासातून दिसलं, की जगभरातली घरगुती मांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजराच्या वंशातली आहेत. शेती आली, धान्य साठलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. त्याला कुणी पकडून माणसाळवलं नाही. शिकारीच्या सोयीसाठी ते आपल्या आवारात शिरलं आणि राहिलं.

आपल्या महाराष्ट्रातही या शिकारी मांजराला एकदा मोठं महत्त्व आलं होतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढं गावोगाव पसरला. अमरावतीत सरकारी डॉक्टर असलेल्या अँड्र्यू बुकॅनन यांनी १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांजरं ही प्लेगला आळा घालणारी म्हणून त्यांची बाजू मांडली. मांजरांनाही प्लेग होतो आणि ती तो माणसांना देऊ शकतात, हे आज आपल्याला माहीत आहे. तेव्हाचा विचार मात्र सरळ होता : मांजर गावात हिंडलं पाहिजे, कारण हिंडणं हेच त्याचं काम.

मग मांजर घरात केव्हा कोंडलं गेलं? अगदी अलीकडं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लो नावाच्या माणसानं १९४७ साली मांजराच्या शौचासाठी ओल शोषणारी चिकणमाती, म्हणजे आजचं ‘लिटर’, विकायला सुरुवात केली. त्याआधी लोक राख, वाळू, माती वापरत. घरात दुर्गंधी नको म्हणून मांजराला बाहेर सोडणं भागच होतं. लिटरची पिशवी दुकानात आली आणि कायम घरात राहणारं मांजर शक्य झालं. त्यात नसबंदी आली, डबाबंद खाणं आलं, आणि आपल्याकडं चाळी जाऊन टॉवर आले. शिकाऱ्याचा इतिहास साडेनऊ हजार वर्षांचा, तर घरकोंड्या मांजराचा शंभर वर्षांचाही नाही. बोका पहाटे दाराशी ओरडतो तेव्हा तो हट्ट करत नसतो. पहाट आणि तिन्हीसांजा या त्याच्या जातीच्या शिकारीच्या वेळा आहेत, आणि त्याचं शरीर त्या वेळा विसरलेलं नाही.

म्हणून ‘सोडावं’ म्हणणाऱ्यांची बाजू मी हलकी मानत नाही. नुसतं खाऊन झोपणारं मांजर लठ्ठ होतं. लठ्ठपणातून मधुमेह येतो. कंटाळा आणि ताण यांतून मूत्राशयाला सूज येते, आणि बोक्याची लघवी तुंबली तर वेळेत उपचार न मिळाल्यास दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बोका पुन्हा पुन्हा लिटरच्या ट्रेमध्ये बसतो, कुंथतो आणि काही होत नाही, असं दिसलं तर त्याच रात्री डॉक्टर गाठा, सकाळची वाट पाहू नका. हा आजार फिरणाऱ्या मांजरांपेक्षा घरात राहणाऱ्यांत जास्त दिसतो. अंग चाटून चाटून केस काढणारी, घरच्यांच्या पायांवर दबा धरून झडप घालणारी मांजरं मी नेहमी पाहते. त्यांना ‘चिडकी’ म्हणतात. पुष्कळदा ती चिडकी नसतात, बेकार असतात.

ब्रिटनमध्ये मांजर बाहेर जाणं हीच रीत आहे. दाराला खाली छोटी झडप बसवलेली असते आणि मांजर आपल्या मर्जीनं येतं-जातं. तिथली पक्षीसंरक्षणाची मोठी संस्था आरएसपीबी सांगते, की बागांतल्या मांजरांमुळं देशभरात पक्ष्यांची संख्या घटत असल्याचा स्पष्ट शास्त्रीय पुरावा नाही. इंग्लंडनं १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला मायक्रोचिप सक्तीची केली, पण बाहेर जायला बंदी घातली नाही. हे वाचून आपल्याकडले मांजरप्रेमी मला विचारतात, मग आपण का घाबरायचं? कारण ब्रिटनच्या रस्त्यांवर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या नाहीत आणि तिथल्या जमिनीवरच्या प्राण्यांत रेबीज नाही. आपल्याकडं दोन्ही आहे. उत्तर उसनं आणता येत नाही, ते आपल्या गल्लीत उभं राहून शोधावं लागतं.

तर आपल्या गल्लीत उभं राहू. सहा देशांतल्या ९२५ पाळीव मांजरांना जीपीएस लावून केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. बहुतेक मांजरं घरापासून शंभर मीटरच्या आतच फिरत होती. हे ऐकून जिवाला बरं वाटतं. पण मुंबईत, ठाण्यात, पुण्यात शंभर मीटरमध्ये काय काय येतं ते पाहा. सोसायटीचं पार्किंग येतं, रिव्हर्स घेणाऱ्या गाड्या येतात. पावसाळ्यात ऊब शोधत मांजर बॉनेटखाली शिरतं आणि सकाळी कुणीतरी गाडी सुरू करतं. कुत्री येतात. उंदरांसाठी टाकलेलं विष खाल्लेला उंदीर येतो. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉनचा मांजा येतो, दिवाळीत फटाक्याला बिचकून रस्त्यावर सैरावैरा पळणं येतं. शेजारच्या बिल्डिंगचा दांडगा बोका येतो. बोक्यांच्या मारामारीत झालेली जखम वरून लहान दिसते, आत पू धरते, आणि त्याच चाव्यातून प्रतिकारशक्ती खचवणारा एफआयव्ही हा विषाणू जातो. लस न दिलेल्या पिल्लांत पॅनल्युकोपेनिया हा रोग शिरला, तर एका वेताची सगळी पिल्लं दगावू शकतात. आणि पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेलं मांजर घरी आलं, तर तो धोका मुलांच्या अंथरुणापर्यंत येतो.

गावाकडं दार उघडं ठेवणं सोपं वाटतं. तिथंही विचार हवा. अकोले तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला. त्यात बिबट्याच्या खाद्याच्या वजनापैकी ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला. कुत्रे सर्वांत जास्त, ३९ टक्के, आणि त्याखालोखाल मांजरं. रात्री अंगणात असलेलं मांजर तिथं भक्ष्य आहे, ही वस्तुस्थिती आहे.

आता मांजराच्या बाजूनं पाहणं पुरे करू, कारण गल्ली एकट्या मांजराची नाही. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर दीपगृह उभं राहिलं, माणसं आली आणि त्यांच्याबरोबर मांजर आलं. त्या बेटावर उडता न येणारा एक चिमुकला पक्षी होता. १८९४-९५ च्या सुमारास तो संपला. दीपगृहावरच्या एका मांजरानं तो संपवला अशी गोष्ट सांगतात. खरं तर बेटावर पसरलेल्या अनेक मांजरांचं ते काम होतं. अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरं दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारत असावीत, असा अंदाज २०१३ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. यातली बहुतेक शिकार पाळीव नव्हे, तर बेवारस मांजरांनी केलेली होती. हा आकडा उचलून आपल्या मनीवर लादणं अन्यायाचं होईल, आणि आपल्या देशाला तो तसाच लावणंही चूक. पण मघाच्या जीपीएसच्या अभ्यासानंच आणखी एक गोष्ट दाखवली. पाळीव मांजरं थोड्या जागेत दाटीनं असतात, म्हणून त्यांच्या छोट्याशा टापूत शिकारीचा भार तेवढ्याच आकाराच्या रानटी शिकाऱ्यापेक्षा दोन ते दहापट पडतो. मांजर शंभर मीटरच्या आत राहतं ही मालकाला दिलासा देणारी गोष्ट आहे. त्याच शंभर मीटरमध्ये राहणाऱ्या बुलबुलासाठी ती वाईट बातमी आहे.

बुलबुल कुंडीतल्या झाडात, कंपाउंडच्या जास्वंदीत, हात पुरेल एवढ्या उंचीवर घरटं करतो. त्याची पिल्लं धड उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि काही दिवस झुडपांत, जमिनीलगत काढतात. शिंपी, दयाळ, सरडा, सापसुरळी, खार ही सगळी आपल्या शहरांतल्या उरल्यासुरल्या हिरवळीतली बिऱ्हाडं आहेत. भरल्या पोटीही मांजर शिकार करतं, कारण भूक आणि शिकारीची ओढ या त्याच्यात वेगवेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय आपल्या जंगलांच्या कडेला वाघाटी आहे, बाऊल आहे. घरगुती मांजरांचे रोग रानातल्या मार्जारांत जाऊ शकतात. स्पेनमध्ये डोन्याना परिसरातल्या दुर्मीळ लिंक्समध्ये २००७ साली मांजरांच्या ल्युकेमियाची साथ आली होती.

म्हणून काही गावांनी दारं लावायचं ठरवलं. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरात १ जुलै २०२२ किंवा त्यानंतर जन्मलेलं मांजर मालकानं आपल्या आवारातच ठेवायचं, असा कायदा आहे. जर्मनीतल्या वॉलडॉर्फ गावानं त्याच वर्षी तुरेवाल्या चंडोलाच्या विणीच्या काळात काही भागांतली मांजरं घरात ठेवण्याचा हुकूम काढला. आपल्याकडं असा कायदा नाही. म्हणूनच निर्णय आपल्या सदसद्विवेकावर सोपवलेला आहे.

दार लावायचं ठरलं, की देण्याचा पहिला हप्ता खिडकीला द्यायचा. घरातलं मांजर सुरक्षित, हा समज उंच इमारतींत धोक्याचा आहे. न्यूयॉर्कमधल्या एका जनावरांच्या रुग्णालयात पाच महिन्यांत उंचावरून पडलेली १३२ मांजरं आली, त्यावरचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यातली सुमारे ९० टक्के जगली. या आकड्यावरून ‘मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं’ असं लोक बिनधास्त सांगतात. ते खरं मानू नका. जागीच गेलेली मांजरं त्या रुग्णालयात पोहोचलीच नव्हती, आणि पोहोचलेल्यांच्या छातीला मार होता, टाळू फाटलेला होता, जबडा आणि पाय मोडलेले होते. आपल्याकडं कबुतरासाठी गॅलरीला नायलॉनची जाळी लावतात. ती मांजर दातांनी तोडतं, उन्हानं ती कुजते. मांजराच्या घरात धातूची जाळी लावा, घट्ट बसवा आणि बाथरूमची छोटी खिडकी विसरू नका. ग्रिलच्या दोन गजांत पिल्लाचं डोकं जात असेल, तर पिल्लूही जाईल.

दुसरा हप्ता वेळेचा. मांजराची शिकार म्हणजे टपणं, पाठलाग, झडप आणि मग खाणं. त्याच क्रमानं खेळवा. काठीला दोरी, दोरीला पीस बांधा, ते पलंगाखाली लपवा, सोफ्यामागून सरपटवा, शेवटी त्याच्या पंजात येऊ द्या आणि लगेच खाणं द्या. हे संध्याकाळी करा, झोपण्याआधी करा. पहाटेचं ओरडणं पुष्कळ घरांत एवढ्यानंच कमी होतं. खाणं वाडग्यात एकदम ओतू नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात थोडं टाका, घरात चार ठिकाणी लपवा, त्याला शोधू द्या. मांजरानं दिवसभरात अनेकदा थोडं थोडं खाणं हीच निसर्गाची रीत आहे.

तिसरा हप्ता जागेचा. मांजर घर चौरस फुटांत मोजत नाही, उंचीत मोजतं. कपाटाच्या वरचा कोपरा, खिडकीला लागून एक फळी, तिथवर चढायला दोन टप्पे एवढं केलं, तरी वन बीएचके मोठं होतं. लपायला एक जागा अशी हवी, जिथं पाहुणे आणि मुलं हात घालणार नाहीत. दोन मांजरं असतील तर पाण्याची, खाण्याची आणि शौचाची ठिकाणं वेगवेगळी हवीत. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा. फिनाइलचा उग्र वास, भडक अगरबत्ती यांचा त्याला त्रास होतो, कारण त्याचं जग बरंचसं नाकानं बनलेलं असतं. मार्जारवैद्यकाच्या संघटनांनी २०१३ साली मांजराच्या गरजांची जी मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यांत सुरक्षित जागा, वेगवेगळी ठिकाणं, शिकारीसारखा खेळ, माणसाचा भरवशाचा सहवास आणि वासाच्या जगाचा मान या पाचच गोष्टी आहेत. यातली एकही श्रीमंतीची नाही.

इथं मला एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ सालच्या अभ्यासाचा आधार घ्यायचा आहे. बाहेर जाणाऱ्या मांजरांवर त्यांनी वेगवेगळे उपाय करून पाहिले. धान्यविरहित, मांसाची प्रथिनं भरपूर असलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच ते दहा मिनिटं खेळवल्यानं २५ टक्क्यांनी घटली. गळ्यात भडक रंगाची कापडी पट्टी घातल्यावर पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी कमी झाली. आणि आपण इतक्या विश्वासानं बांधतो त्या घंटेचा परिणाम दिसला नाही. म्हणजे चांगलं खाणं आणि रोजचा खेळ हे देणं दार उघडं असतानाही लागू आहे. दार उघडलं म्हणून मालक मोकळा होत नाही.

काही मांजरांसाठी माझं उत्तर वेगळं आहे. रस्त्यावर जन्मून तिथंच मोठं झालेलं मांजर एकाएकी दोन खोल्यांत कोंडलं, तर ते हाय खातं. त्याची नसबंदी करावी, रेबीजची आणि इतर लस द्यावी, खाऊपिऊ घालावं आणि त्याला त्याच्या जागी राहू द्यावं. बेवारस मांजरांची संख्या आणि त्यांचे हाल कमी करण्याची ती सर्वांत माणुसकीची वाट आहे. मादी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते, तेव्हा ‘पुढं बघू’ म्हणण्याइतका वेळ नसतो. गावातल्या मोठ्या आवाराच्या घरात, रस्त्यापासून दूर, नसबंदी आणि लसीकरण झालेलं मांजर दिवसा बाहेर जात असेल, तर मी हरकत घेत नाही. दिवेलागणीच्या आत त्याला खाण्यासाठी घरात बोलवायची सवय लावा आणि पहाट होऊन गेल्यावर सोडा. पक्ष्यांच्या विणीच्या महिन्यांत त्याला आतच ठेवा. आणि मधली वाट फ्लॅटमध्येही आहे : पूर्ण जाळी लावलेली गॅलरी, किंवा पट्टा घालून गच्चीवर फेरी, तीही हळूहळू सवय लावून.

एक गोष्ट मात्र मी कधीच मान्य करणार नाही. घरात सून गरोदर राहिली, की मांजराला दूर सोडून या असं वडीलधारे सांगतात. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गाची भीती निराधार नाही, पण तिचं कारण नीट समजून घ्या. मांजराला तो संसर्ग उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाल्ल्यानं होतो, आणि त्याच्या विष्ठेतली बीजं संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. शिकार न करणारं, शिजवलेलं किंवा डबाबंद खाणारं मांजर घरात असेल, दुसऱ्या कुणीतरी ट्रे रोज साफ केला आणि भाज्या नीट धुतल्या, तर घाबरण्याचं कारण उरत नाही. इथं उलट बंद दारच आईचं आणि बाळाचं रक्षण करतं. आणि पोसलेलं जनावर उपासमार होईल असं सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. घरात वाढलेल्या मांजराला भाजी मंडईत नेऊन सोडणं म्हणजे त्याला स्वातंत्र्य देणं नव्हे.

मित्रहो, निर्णय खरं तर दाराशी घ्यायचा नसतोच. मांजर दाराशी ओरडायला लागतं तोवर बराच उशीर झालेला असतो. तो पिल्लू घरी आणण्याआधी घ्यायचा असतो. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून तीन गोष्टी ठरवा. कोणत्या खिडक्यांना जाळी लावायची. लस आणि नसबंदीचा खर्च कुठून करायचा. आणि रोज संध्याकाळी अर्धा तास दोरी-पीस घेऊन जमिनीवर कोण बसणार, त्या माणसाचं नाव काय. या तिन्हींची उत्तरं मिळाली, तर निर्धास्तपणे पिल्लू आणा आणि निर्धास्तपणे दार लावा. तिसऱ्या प्रश्नाला घरात कुणी हात वर केला नाही, तर आणू नका. जवळच्या रस्त्यावरच्या एखाद्या मांजराच्या नसबंदीचा खर्च उचला. मांजरावरचं तुमचं प्रेम तेवढंच खरं असेल, आणि त्याचा उपयोग कदाचित जास्त होईल.